पोस्टर गाईचं, पत्रिका मावशीची

चेन्नईत मद्रास उच्च न्यायालयाच्या समोर, पॅरीज कॉर्नरच्या पाठीमागे जॉर्ज टाउनच्या गल्ल्या सुरू होतात आणि एकेका गल्लीने एकेक धंदा वाटून घेतलेला दिसतो. अँडरसन स्ट्रीटच्या वाट्याला कागद आणि लग्नपत्रिका आल्या आहेत. मुहूर्तांचा हंगाम जवळ आला की इथे अख्खी कुटुंबं येतात: मुलीचे आईवडील, मामा, मामी, स्वतः मुलगी आणि व्हिडिओ कॉलवर होणारा नवरा. दुकानदार जाडजूड अल्बम पुढे सरकवतो. मग प्रत्येक जण कार्डावर अंगठा फिरवून उठाव तपासतो, उजेडात धरून सोनेरी गणपती चमकतो का ते बघतो. मामा तर कार्डाचा वासही घेतात. तास-दीड तासाने मखमली खिडकीचं, गोंडा लावलेलं कार्ड ठरतं आणि तेव्हा कुठे कुणीतरी विचारतं, "पण छापायच्या किती?"

हा प्रश्न आधी विचारला असता तर निम्मा अल्बम उघडावाच लागला नसता.

छपाईची पद्धत ठरवताना लोक आधी रंग बघतात, मग भाव विचारतात आणि सरतेशेवटी तिसऱ्या दुकानदारावर विश्वास ठेवतात, कारण तोवर पाय दुखायला लागलेले असतात. खरं तर प्रती किती हव्यात, त्यांनी किती दिवस टिकायला हवं आणि त्या कुणाच्या हातात पडणार, एवढं सांगितलं की मशीन आपोआप ठरतं. पत्रिका मावशीच्या कपाटात वर्षानुवर्षं राहते. कार्यक्रमपत्रिकेचं आयुष्य तीन तासांचं. आणि पोस्टर गाय येईपर्यंत जगतं. हे शेवटचं अतिशयोक्ती म्हणून लिहिलेलं नाही. गाईकडे पुढे येऊच.

आधी प्रतींचं गणित. ऑफसेटवर चार रंगांचं काम म्हणजे चार प्लेटा. त्या बनवायच्या, मशीनवर चढवायच्या, रंग एकमेकांवर नीट बसेपर्यंत कागद वाया घालवायचे. हा सगळा खर्च पहिली चांगली प्रत बाहेर पडण्याआधीच होऊन जातो. म्हणून शंभर प्रती मागितल्या तर छापखानेवाला "हजारच घ्या सार, फरक फक्त कागदाचा" म्हणतो, आणि तो खरं बोलत असतो. डिजिटल मशीनला प्लेट लागत नाही. तिथे पहिली प्रत आणि शंभरावी प्रत एकाच भावाची, वर प्रत्येक प्रतीवर पाहुण्याचं वेगळं नावही छापता येतं. पण हजारावी प्रतही त्याच भावाची असल्याने मोठ्या कामात डिजिटल महाग पडतं. ज्या 'द हिंदू'ला चेन्नईकर सकाळच्या कॉफीइतकाच मान देतात, त्याचा पहिला अंक २० सप्टेंबर १८७८ रोजी मिंट स्ट्रीटवरच्या श्रीनिधी प्रेसमध्ये निघाला. भांडवल एक रुपया बारा आणे, तेही उसने. प्रती फक्त ८०. आज कुणी ८० प्रतींचं काम घेऊन त्या भागात गेला, तर पोरगेलासा ऑपरेटर मान वर न करता म्हणेल, "डिजिटल. पेन ड्राइव्ह आणलाय?"

ऑफसेटचं सगळं शास्त्र तेल आणि पाणी यांच्या जुन्या वैरावर उभं आहे, आणि ते सुचलं एका नाटककाराला. आलॉइस झेनेफेल्डर हा बव्हेरियातला गृहस्थ. स्वतःची नाटकं छापून घेणं परवडेना, म्हणून १७९६ च्या सुमारास तो दगडावर तेलकट शाईने लिहून छापायचे प्रयोग करू लागला. धोब्याच्या कपड्यांची यादी घाईघाईत दगडावर लिहिली आणि त्यातून कल्पना सुचली, असं तो स्वतःच सांगत असे. आजही नाट्यसंस्थांचे छपाईचे हिशेब आणि धोब्याचे हिशेब एकाच वहीत सापडतात, तेव्हा परंपरा टिकून आहे म्हणायची. हेच शिळाछापाचं तंत्र वापरून गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत मराठी पंचांग छापलं. तमिळनाडूत ते शिवकाशीने उचललं. काडेपेट्या आणि फटाके बनवणाऱ्या गावाला लेबलं लागतात. ती बाहेरून का आणायची, म्हणून गावाने छापखाने काढले. मग लेबलांवरून कॅलेंडरं आली, डायऱ्या आल्या, सिनेमाची पोस्टरं आली. अँडरसन स्ट्रीटच्या अल्बममधल्या कितीतरी कार्डांवरचे गणपती शिवकाशीहूनच छापून आलेले असतात. इथल्या दुकानात छापायची उरतात ती फक्त वधूवरांची नावं.

ती नावं कशाने छापायची, इथे खरी मजा आहे.

तमिळ लग्नपत्रिकेत वधूवरांच्या नावापुढे पदव्या छापतात, बी. ई., एम. एस., आणि कंपनीचं नाव, शहरासकट. मराठी पत्रिकेत पदव्यांची जागा नातेवाईक घेतात. आजोबांपासून सुरू झालेली यादी निमंत्रक, प्रेषक, आपले विनीत करत खाली उतरते आणि तळाशी, अजून बोलताही न येणाऱ्या भाच्याच्या नावाने "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!" असा हुकूम सुटतो. दोन्हीकडे परिणाम एकच: अक्षरं बारीक होतात. आणि बारीक अक्षर हे स्क्रीन प्रिंटिंगचं दुखणं आहे. लाकडी चौकटीत ताणलेली जाळी, तिच्यावर शाई, वरून रबरी पात्याचा एक फराटा, असं ते काम. पूर्वी जाळी रेशमाची असे, आता पॉलिस्टरची. गडद मरून कागदावर झळझळीत सोनेरी अक्षर उमटवायला या पद्धतीला तोड नाही, कारण शाईचा थर जाड बसतो. ऑफसेटचा थर पातळ आणि शाई पारदर्शक. मरून कागदावर तिने पिवळं छापलं तर आमटी सांडल्यासारखं दिसतं. पण जाळी जाडीभरडी असेल आणि अक्षर बारीक, तर अनुस्वार जाळीतच राहतो. 'वंदना'ची 'वदना' होते, 'मंगल कार्यालय' हे 'मगल' होतं. सोनेरी फॉइलची तऱ्हा उलटी. तिथे अक्षराच्या पोटातली मोकळी जागा भरून जाते, आणि 'ष' पोट फुगवून बसतो. तेव्हा नावं मोठी घेऊन फॉइलने छापावीत, नातेवाईक आतल्या पानावर साध्या ऑफसेटने घ्यावेत. नातेवाईकांना हे सांगायची जबाबदारी मात्र छापखान्याची नाही.

आणखी एक गोष्ट अल्बम बघताना कुणालाच आठवत नाही. पत्रिकेच्या चार कोपऱ्यांना हळद लावायची असते. तमिळ घरात लावतात, मराठी घरात हळदकुंकू लावतात. कार्डावर चकचकीत लॅमिनेशन असलं तर ओली हळद कोपऱ्यावर बसत नाही. ती घरंगळते आणि मामांच्या शर्टावर बसते. लॅमिनेशन नसलेला साधा कागद घेतला तर हळद बसते, शिवाय पाकिटावरचं नाव पेनाने लिहिता येतं. आठशे रुपये डझनाच्या कार्डावर पाहुण्याचं नाव न उमटल्याने शेवटी चिकटपट्टीवर लिहून लावलेलं दिसतं, तेव्हा त्या मखमली खिडकीची कीव येते.

चेन्नईच्या लग्नात दुसरी एक छपाई पाहुण्यांच्या हाती घरी जाते, तिला अल्बममध्ये जागाच नसते. निरोप घेताना नारळ, विडा, सुपारी असा तांबूल देतात तो पिशवीत, आणि पिशवीवर वधूवरांची नावं. पिवळी कापडी पिशवी म्हणजे 'मंजप्पै'. तमिळ माणूस ती घेऊन लग्नाला जातो, बाजारात जातो, कोर्टातही जातो. १ जानेवारी २०१९ पासून तमिळनाडूत एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने 'मीण्डुम मंजप्पै', म्हणजे पुन्हा पिवळी पिशवी, ही मोहीमच काढली. कापडावर छापायचं तर स्क्रीन प्रिंटिंगच. जाड थर सुताच्या विणीत मुरतो आणि धुण्यात टिकतो. हिशेब मांडला तर हीच सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत लांब पल्ल्याची छपाई ठरते. पत्रिका कपाटात, लग्नाचा अल्बम कपाटावर, आणि वधूवरांची नावं पुढची काही वर्षं कोथिंबीर, वांगी घेऊन मैलापूरच्या बाजारात हिंडताहेत. एखाद्या जोडप्याचं बिनसलं तरी पिशवी हिंडतच राहते, हा तिचा दोष म्हणता येणार नाही.

आहेराचीही सोय छपाईत शिरली आहे. तमिळ लग्नात रोख आहेराला 'मोय' म्हणतात आणि तो वहीत रीतसर लिहून घेतात. जानेवारी २०२१ मध्ये, करोनाच्या दिवसांत, मदुरैच्या एका कुटुंबाने पत्रिकेवरच क्यूआर कोड छापला आणि बातमी देशभर झाली. कल्पना उचलणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की क्यूआर कोड काळा छापावा, पांढऱ्या कागदावर. मरूनवर सोनेरी फॉइलमध्ये तो राजेशाही दिसतो, पण दिव्याखाली चकाकला की फोनला वाचता येत नाही, आणि पाहुण्याला "प्रयत्न केला हो" म्हणायला आयती सवड मिळते.

मराठी मजकूर घेऊन चेन्नईच्या छापखान्यात जाणाऱ्याला वेगळीच विद्या लागते. इथली मराठी माणसं एका साच्याची नाहीत. तंजावरकडून आलेली घराणी घरात दक्षिणी मराठी बोलतात, पण त्यांतल्या पुष्कळांना वाचायला तमिळ सोपी जाते. साहुकारपेठेत सोन्याचांदीच्या गलाईचं काम करणारी मंडळी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची. आणि दक्षिणेच्या आयटी रस्त्यावर पुण्याहून आलेले अभियंते, ज्यांना सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर हवं. या तिघांना एकाच गणपतीला बोलावणारी पत्रिका काढायची म्हणजे भाषावार प्रांतरचनेपेक्षा नाजूक काम.

तसं पाहिलं तर मराठी अक्षरांना तमिळ मुलूख नवा नाही. पुण्यात छापखाना यायच्या कितीतरी आधी, १८०५ मध्ये, तंजावरच्या सरफोजीराजांनी देवनागरी छापखाना काढला, आणि इसापच्या गोष्टींची मराठी 'बालबोध मुक्तावली' १८०६ मध्ये तिथे छापली. मद्रासचा इतिहासही छपाईच्या धावपळीचाच आहे. १७६१ मध्ये इंग्रजांनी पाँडिचेरी जिंकलं, तेव्हा फ्रेंचांचा छापखाना लुटीत हाती लागला. चालवायला माणूस नाही. म्हणून तो वेपेरीच्या फॅब्रिशियस या मिशनऱ्याला दिला, अट एवढीच की सरकारचं काम आलं की ते छापून द्यायचं. "आमचं अर्जंट आहे, बाकीचं बाजूला ठेवा" ही मागणी या शहरात तेव्हापासून चालू आहे.

आता ट्रिप्लिकेन-रॉयपेट्टा भागातल्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात मराठी पत्रिका नेली की काय होतं ते बघण्यासारखं असतं. ऑपरेटर तमिळ टायपिंगमध्ये वीज. फाइल उघडतो. मजकूर युनिकोडमध्ये, आणि दुकानात पेजमेकरची जुनी प्रत, जिला युनिकोड म्हणजे काय ते ठाऊक नाही. पडद्यावर चौकोनांची रांग उभी राहते. श्रीलिपीत केलेली फाइल असली आणि तो फॉन्ट त्या मशीनवर नसला, तर "सप्रेम नमस्कार"च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि टिंबांचा कचरा दिसतो. तरी ऑपरेटर डगमगत नाही. "पण्णिडलाम् सार", करून टाकू, असं म्हणून तो इंटरनेटवरून कुठलासा हिंदी फॉन्ट उतरवतो, त्यात 'ळ' सापडत नाही, आणि टिळकांचा 'टिलक' होतो. ऱ्हस्व वेलांटी एका अक्षराने सरकते, रफार शेजारच्या घरी जाऊन बसतो. ऑपरेटरला ती सगळी चित्रंच, त्यामुळे त्याच्याकडून चूक कळायची अपेक्षा करणं अन्याय आहे. पुण्यातल्या किती जणांना तमिळमधला 'ழ' जागेवर आहे की नाही ते सांगता येईल?

यावर जाणत्यांनी काढलेला तोडगा असा की अक्षरं 'कर्व्ह' करून, म्हणजे मजकुराचं चित्र बनवून, पीडीएफ पाठवायची. मग कुठलंही मशीन त्यात ढवळाढवळ करू शकत नाही. तोटा एकच: चूकही तितकीच सुरक्षित राहते. म्हणून कर्व्ह करण्याआधी प्रूफ वाचायचं असतं, आणि सगळे ते नंतर वाचतात.

कार्यक्रमपत्रिकेकडे वळायचं तर मार्गळी महिना गाठावा. डिसेंबरच्या मध्यापासून चेन्नईत सभांचे संगीतोत्सव सुरू होतात. १९०० साली निघालेली ट्रिप्लिकेनची पार्थसारथी स्वामी सभा असो, १९२७ च्या मद्रास काँग्रेसमधल्या संगीत परिषदेतून पुढच्या वर्षी उभी राहिलेली म्युझिक अकॅडमी असो की नारद गान सभा, पुस्तिका हवीच. मुखपृष्ठाआड रेशमी साड्या, दागिने आणि फिल्टर कॉफी यांच्या जाहिराती, आणि मधल्या पानांत कोण कधी गाणार, व्हायोलिनवर कोण, मृदंगावर कोण. पुस्तिका हजारोंनी लागतात, मजकूर महिनाभर आधी ठरतो, म्हणून ऑफसेट. इथवर चुकायला जागा नाही. चूक होते ती कागदात. जाहिरातदाराला खूश करायला आयोजक चकचकीत आर्ट पेपर घेतो. त्यावर साडी छान दिसते, पण सभागृहाच्या मंद दिव्यात पान चकाकतं आणि गायकाचं नाव दिसत नाही. शिवाय गायिकेने तोडीचा आलाप मंद्रात नेला असताना चौथ्या रांगेतल्या आजोबांनी आर्ट पेपरचं पान उलटलं की त्याचा खडखडाट मृदंगवाल्यालाही ऐकू जातो.

चेन्नईचा रसिक हातात पेन घेऊन बसतो, हे आयोजक विसरतात. कोणता राग, कोणतं कीर्तन, तालवाद्यांचं तनियावर्तन किती वेळ चाललं, हे तो पुस्तिकेच्या समासात टिपतो, आणि मध्यंतरात उपाहारगृहात इडली खाताना त्यावरून वाद घालतो. आर्ट पेपरवर बॉलपेन घसरतं. साधा मॅपलिथो कागद, ठळक काळी अक्षरं, रुंद समास, एवढं दिलं की रसिक तृप्त. जाहिराती वेगळ्या चार पानांवर घ्याव्यात, त्यांना हवं तेवढं चमकू द्यावं. आणि ऐनवेळी घटमवाला बदलला की डिजिटलवर शे-दोनशे चिठ्ठ्या छापून आत घालाव्यात. काही आयोजक मात्र जाड कार्डाची गडद निळी पुस्तिका डिजिटलवरच छापून घेतात. डिजिटलचं टोनर कागदावर थर होऊन बसतं, आत मुरत नाही. घडीच्या जागी आधी क्रीझ मारली नाही, तर तिथे निळ्या रंगाचे पापुद्रे निघतात आणि पांढऱ्या सुरकुत्या पडतात. तंबोरा घेतलेल्या गायिकेच्या फोटोवरून अशी एखादी सुरकुती गेली की पुढची सगळी मैफल तिला पुस्तिका कुणी केली याचाच विचार करत गावं लागतं.

आता पोस्टर, आणि गाय.

चेन्नईच्या भिंती वाचल्याशिवाय हे शहर कळत नाही. सिनेमे, राजकीय पक्षांच्या सभा, कान टोचण्याचे समारंभ, आणि रातोरात उगवणारी 'कण्णीर अंजली' म्हणजे अश्रुपूर्ण श्रद्धांजलीची पोस्टरं. माणूस संध्याकाळी गेला तर पहाटे गल्लीच्या कोपऱ्यावर त्याचा फोटो लागलेला असतो. भिंतीवर विनापरवानगी पोस्टर लावायला १९५९ पासून तमिळनाडूत कायद्याने मनाई आहे. तो कायदा लिहिलेली पाटीही पोस्टरखाली झाकलेली सापडते. हे पोस्टर पातळ कागदावरच छापावं लागतं. मैद्याची खळ त्यात भिनते, कागद भिंतीच्या खडबडीतपणावर बसतो. एखादं हौशी नाट्यमंडळ जाड आर्ट कार्डावर देखणं पोस्टर छापून आणतं. ते खळ पितच नाही, आणि दुपारच्या उन्हात सुरळी होऊन खाली पडतं. मोठं पोस्टर चार-सहा तुकड्यांत छापतात. लावणारा अर्धवट झोपेत असला तर नायकाचा डावा डोळा उजव्यापेक्षा चार बोटं खाली येतो, आणि मानधन कमी मिळाल्याचा भाव चेहऱ्यावर उमटतो.

ट्रिप्लिकेनच्या रस्त्यांवरच्या गाईंना मैदा आवडतो. पुस्तकबांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. रात्री दोन वाजता शिडीवर चढलेल्या पोस्टरवाल्याला एवढा वेळ कुठला? त्यामुळे ताजं पोस्टर गाय खालून सुरू करून वरपर्यंत खाते. शास्त्रीय नृत्याच्या कार्यक्रमाची पोस्टरं गाईच्या उंचीच्या वर लावावीत हा सल्ला इथले जुने लोक देतात, आणि तो कुठल्याही डिझायनरच्या सल्ल्यापेक्षा खरा आहे.

पोस्टरला पाऊसही बघायचा. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमका समारंभांच्या तोंडावर येतो. ऑफसेटची शाई तेलकट असते, एखादी सर सोसते. ऑफिसातल्या इंकजेटवर काढलेलं पोस्टर पहिल्या पावसात निळं-गुलाबी ओघळून जातं. म्हणून लोक फ्लेक्सकडे धावले. पीव्हीसीच्या कापडावर सॉल्व्हंट शाई, ना गाय खाते ना पाऊस. चाहत्यांनी रजनीकांतच्या फलकावर ओतलेलं दूधही ती पचवते. 'कबाली'च्या वेळी २०१६ मध्ये तर त्याचं चित्र एअरएशियाच्या विमानावर चढलं होतं. फ्लेक्स येण्यापूर्वी माउंट रोडवर रंगाऱ्यांनी हाताने रंगवलेले भव्य कटआउट असायचे. त्या रंगाऱ्यांचं काम फ्लेक्सने नेलं आणि बदल्यात प्रत्येक नगरसेवकाच्या भाच्याला वाघाशेजारी उभं राहायची सोय दिली. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने फलकांवर हयात माणसांची छायाचित्रं छापायलाच मनाई केली होती. काही आठवड्यांत तो आदेश रद्द झाला आणि भाचे परत आले.

इथे विनोद थांबवावा लागतो. १२ सप्टेंबर २०१९ रोजी पल्लिकरणैजवळ एका लग्नाच्या स्वागतासाठी रस्त्याच्या मधोमध लावलेला फलक स्कूटरवरून जाणाऱ्या तेवीस वर्षांच्या अभियंता मुलीवर कोसळला. मागून आलेल्या पाण्याच्या टँकरखाली ती गेली. फलकाला परवानगी नव्हती. सोहळा कुणाचाही असो, रस्त्यावर फ्लेक्स उभारायचा नाही, एवढं यानंतर तरी ठरायला हवं होतं. पुरतं ठरलेलं नाही.

चेन्नईतल्या मराठी मंडळाच्या कार्यवाहांना एक विनंती. गणपतीच्या पत्रिका शंभर-दीडशे घरांसाठी असतील तर डिजिटलवर काढा, मॅट कागद घ्या आणि एका बाजूला तमिळमध्येही मजकूर छापा. तंजावरची मंडळी नुसत्या देवनागरी पत्रिकेवर हात फिरवून ठेवून देतात. तीन दिवसांचा कार्यक्रम साध्या कागदावर, एका रंगात. मोठा फलक एकच, तोही मंडपाच्या आत, आणि शक्य असेल तर कापडी. उरलेल्या पैशांत पिवळ्या पिशव्या करा. प्रूफ समितीबाहेरच्या एखाद्या काकूंना वाचायला द्या, त्यांना आधी कुठलाही मजकूर पाठ नसतो. आणि छापायला देण्यापूर्वी कॅलेंडर उघडून तारखेशेजारी लिहिलेला वार खरोखर त्याच तारखेला येतो का, तेवढं बघा.